खोलीची कडी आधी, तक्रारीचा कागद नंतर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडते. रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरच्या गावात तुमचं किराणा आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. जवळच्या मासळी कारखान्यात कोळंबी सोलायला परराज्यातल्या साठ-सत्तर मुली आहेत. ठेकेदाराने भाड्याने घेतलेल्या चाळीत त्या राहतात. त्यातली ओडिशाची एक मुलगी हल्ली दुकानात उगाच रेंगाळायची, आणि परवा रिचार्ज करता करता रडली. सुपरवायझर रात्री दार वाजवतो, एकदा आत शिरला, एवढंच ती बोलली. तिचं आधार कार्ड ठेकेदाराकडे आहे, दोन महिन्यांचा पगार बाकी आहे. 'पोलिसात जाऊ नका' असं तिने हात जोडून सांगितलं. घरचे म्हणतात, परक्यांच्या भानगडीत पडू नको. तुम्ही विचारता, तक्रार कुठे करायची, आणि ती नको म्हणत असताना करायची का. शेवटी जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की तुमच्या आंब्याच्या बागेत एक नेपाळी जोडपं राखणीला आहे आणि आता तुम्हाला त्यांच्याबद्दलही धाकधूक वाटू लागली आहे. त्या ओळीकडे मी नंतर येते. ती ओळ मला फार महत्त्वाची वाटली.

मी गेली बावीस वर्षं या पट्ट्यात कामकरी बायकांवरच्या हिंसाचाराच्या प्रकरणांत काम करते. सुरुवात समुपदेशक म्हणून केली, नंतर काही कारखान्यांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसले. मासळीचे कारखाने, चिरेखाणी, आंबाबागा, पेण-अलिबागकडच्या वीटभट्ट्या असं सगळं पाहिलं. त्या अनुभवावरूनच लिहिते आहे.

'तक्रार कुठे करायची' हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की आज रात्री ती कुठे झोपणार आहे आणि त्या खोलीची दुसरी चावी कोणाकडे आहे. गावातल्या एखाद्या बाईला कामावर त्रास झाला, तर ती संध्याकाळी आपल्या घरी जाते. घरात माणसं असतात, शेजार असतो, माहेर असतं. या मुलीचं काम ज्याच्या हातात, खोलीही त्याच्याच हातात. पगार तोच देणार, कार्ड त्याच्याकडे, गावी जायचं तिकीट तोच काढणार, आणि इथली भाषा येत नाही म्हणून तिच्या वतीने बोलणारही तोच. एवढं सगळं एका मुठीत असलं की सुपरवायझरला जबरदस्ती करायलाही फार जोर लावावा लागत नाही. ती 'पोलिसात नको' म्हणते, कारण पोलीस आले तर या सगळ्याच गोष्टी एका रात्रीत जातील हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट कळतं. ती घाबरलेली आहे, पण तिचा हिशेब चुकलेला नाही.

आपली माणसं मुंबईला गिरणीत गेली तेव्हा परळ-लालबागला गावकीची खोली असायची. वाडीतला कोणीही पोरगा वळकटी घेऊन तिथे उतरू शकायचा. नोकरी गेली तरी ती खोली जात नसे. जॉबरशी, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाशी, भांडण झालं तरी पाठ टेकायला जागा असे. आपल्या कितीतरी घरांची चूल त्या खोल्यांच्या आधारावर पेटली. आज आपल्या गावात आलेल्या या मुलींना तशी खोली नाही. म्हणून 'परक्यांची भानगड' हा शब्द मला लागतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे मी घाई करू नका असं का म्हणते ते कळेल. कामाला लागून चारेक वर्षं झाली होती. अशाच एका चाळीतल्या मुलीने मला सांगितलं, आणि मी त्याच संध्याकाळी चौकीत गेले. रात्री एक हवालदार चाळीत विचारपूस करून आला. सकाळी मी पोचले तेव्हा खोल्यांना कुलूप होतं. अकरा मुलींना पहाटेच्या गाडीत बसवून दिलं होतं, पगार न देता. जिने मला सांगितलं होतं तिचा फोन कधीच लागला नाही. मी कायद्याने बरोबर वागले होते, पण तिला आसरा कुठे देणार, पगाराचं काय, बाकीच्या दहा जणींचं काय, यातलं काहीच ठरवलं नव्हतं. तेव्हापासून माझा क्रम बदलला: आधी झोपायची जागा, मग कागद आणि पैसे, मग तिला हवी तशी तक्रार. हे सगळं दोन-तीन दिवसांतही होऊ शकतं. महिनाभर थांबा असं मी म्हणत नाही.

हा क्रम दोन बाबतींत मोडावा लागतो आणि ते आधी तपासून घ्या.

पहिली बाब वय. अठरा पूर्ण नसतील, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो, आणि तो तुम्हालाही लागू आहे. म्हणून 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन वय कळायच्या आधी देऊ नका. 'तुला विचारल्याशिवाय तुझ्या पाठीमागे काही करणार नाही' एवढंच म्हणा. ठेकेदार सांगतात त्या वयावर विश्वास ठेवू नका. पुष्कळ कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, म्हणजे कोणीतरी अंदाजाने घातलेली. शाळा कितवीला सोडली, तेव्हापासून किती वर्षं झाली, धाकटा भाऊ केवढा आहे, असं विचारत गेलं की खरं वय कळतं. लहान असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरी बाब म्हणजे 'एकदा आत शिरला' याचा अर्थ. बायका बलात्कारासाठी तो शब्द वापरत नाहीत. 'आत आला', 'हात धरला', 'त्रास दिला' एवढंच म्हणतात. ती स्वतःहून सांगेपर्यंत खोदू नका, पण हे गेल्या तीन-चार दिवसांत घडलं असेल तर सिव्हिल हॉस्पिटल ही पहिली पायरी. पोलिसात तक्रार केली नसली तरी हॉस्पिटलने उपचार द्यायचेच असतात, सरकारी असो वा खाजगी, आणि तेही मोफत. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि संसर्गाची औषधं यांना वेळेचं बंधन असतं, म्हणून उशीर नको. तपासणी तिच्या संमतीनेच होते, आणि नमुने घ्यायला ती नाही म्हणाली तरी औषधोपचार थांबवता येत नाहीत. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून केली जाणारी तपासणी, सर्वोच्च न्यायालयाने निक्षून मना केली आहे. कोणी करू पाहिलं तर तिथेच हरकत घ्या. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमटपणाने खराब होतात. एक गोष्ट मात्र तिला आधीच खरी सांगा: अशा केसमध्ये हॉस्पिटलने पोलिसांना कळवायचं असतं. तिथे गेल्यावर तिला हे अचानक कळलं तर तुमच्यावरचा तिचा विश्वास उडेल.

या दोन्हींपैकी काही नसेल, तर मी सांगितलेल्या क्रमाने जा.

बोलायचं कधी आणि कुठे हे तुमच्या दुकानावर अवलंबून आहे. गिऱ्हाईक असताना नाहीच. तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, सामान काढायच्या निमित्ताने मागच्या खोलीत. तुमचं हिंदी पुरेल. पुरलं नाही तर दुभाषा म्हणून ठेकेदाराच्या गटातलं कोणीही नको, चाळीतली तिची 'दीदी'सुद्धा लगेच नको. अशा चाळीत एखादी जुनी बाई ठेकेदाराची नजर म्हणूनच ठेवलेली असते. तीसुद्धा बहुतेक वेळा अशाच दडपणाखाली आलेली असते, तिच्यावर राग धरायचं कारण नाही, पण सावध राहा. कोणाला बरोबर घेता येईल हे त्या मुलीलाच विचारा.

तिला चार गोष्टी विचारा. रात्री खोलीत किती जणी असतात, दाराला आतून कडी आहे का, संडास किती लांब, आणि तिच्यासारखं आणखी कोणाला झालंय का. शेवटचा प्रश्न हळू विचारा. माझ्या अनुभवात असा सुपरवायझर एकीवर थांबलेला मी पाहिलेला नाही. तीन जणी एकत्र बोलल्या की कारखान्याला ते प्रकरण 'त्या मुलीचा स्वभाव' म्हणून झटकता येत नाही.

आणि कडी. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण आतून बसणारी एक लोखंडी कडी आणि संडासाच्या वाटेवर एक दिवा, यांनी मी पाहिलेल्या चाळींमधला जितका त्रास थांबला तितका कुठल्याच फलकाने थांबला नाही. चाळ ठेकेदाराने भाड्याने घेतली असली तरी ती गावातल्याच कोणाची तरी आहे. घरमालकिणीला तुम्ही ओळखत असणार. तिला प्रकरण सांगू नका, नाव घेऊ नका. 'मुली एकट्या राहतात, दारांना कड्या नाहीत, उद्या काही झालं तर नाव तुमच्या घराचं येईल' एवढं म्हणा. सुतार एका दुपारचं काम करून जातो. तोवर ती एकटी झोपू नये, दोघी-तिघींनी एका खोलीत झोपावं. राहणं अगदीच धोक्याचं असेल तर जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे थोड्या दिवसांचा आसरा, समुपदेशन, वकील आणि वैद्यकीय मदत एकत्र मिळते. १८१ ही महिला हेल्पलाइन त्याच्याशी जोडून देते. रात्रीबेरात्री दारावर कोणी असेल तर ११२. हे दोन्ही नंबर तिच्या फोनमध्ये वेगळ्या नावाने घाला, 'काकी' किंवा 'रिचार्ज' असं काहीतरी, कारण या मुलींचे फोन तपासले जातात.

कागदाचं सांगते. आधार कार्ड ठेकेदाराने ठेवून घेतलं म्हणजे ओळख त्याच्या ताब्यात गेली असं मुलींना वाटतं आणि तो तसं वाटू देतो. प्रत्यक्षात क्रमांक तिचा आहे, बोटांचे ठसे तिचे आहेत. आधार केंद्रावर जाऊन ती नवी प्रत काढू शकते, मोबाइल जोडलेला असेल तर तुमच्या दुकानातून डाउनलोडही होईल. कार्ड परत मागायला त्याच्याकडे जाऊ नका, त्याने तो सावध होईल. मुकाट्याने दुसरी प्रत काढा. त्यातून तिला पहिल्यांदा कळेल की त्या मुठीतलं एक बोट सुटलं. मी हा बदल चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

पगारासाठी एक साधी वही करा. कोणत्या तारखेला किती तास, किती किलो, उचल किती घेतली, हातात किती आले. कोळंबी सोलण्याचा हिशेब बहुतेक ठिकाणी किलोवर असतो आणि मुलींच्या तो तोंडपाठ असतो, कागदावर नसतो. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर येते. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात हे होतं आणि नव्या श्रम संहितेतही आहे. म्हणून 'ठेकेदाराला विचारा' हे कारखान्याचं उत्तर पुरेसं नाही. आणि उचल फिटल्याशिवाय जाऊ देणार नाही असं कोणी म्हणत असेल, तर ते प्रकरण १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात जातं. पेणकडच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबांच्या बाबतीत हे आम्ही पुनःपुन्हा पाहिलं. उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवता येत नाही. तिथे दाद जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांकडे मागायची असते.

आता तक्रारीकडे. तुम्ही विचारलं की तिच्या वतीने तुम्ही करू शकता का. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याच्या नियमांत याची सोय आहे. काही कारणाने ती स्वतः करू शकत नसेल, तर घटनेची माहिती असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने तक्रार करू शकते. संमती लेखी हवी, म्हणजे ती 'नको' म्हणत असेल तोवर हा मार्ग बंद, आणि तो तसाच असावा. तिला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. म्हणजे विचार करायला वेळ आहे, पण हंगाम संपेपर्यंतचा नाही.

दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाईच, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. कारखाना सांगेल, या मुली आमच्या नाहीतच, ठेकेदाराच्या आहेत. हे मी प्रत्येक वेळी ऐकलंय. कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे कंत्राटी, हंगामी, रोजंदारी, एजंटामार्फत आलेली, अगदी मालकाला माहीत नसताना कामावर घेतलेलीसुद्धा. दुसरं ऐकायला मिळतं की घटना खोलीवर घडली, कारखान्यात नाही. 'कामाच्या जागेच्या' व्याख्येत राहती जागा हे शब्द आहेत आणि मालकाने दिलेल्या वाहनाचाही उल्लेख आहे. अर्जातच ते लिहून टाकावं. तक्रार मालकाविरुद्धच असेल, किंवा माणसं दहापेक्षा कमी असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तालुक्याला त्यासाठी एक नोडल अधिकारी नेमलेला असतो, त्याने सात दिवसांत तक्रार पुढे पाठवायची असते. तो कोण हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळेल. तुम्हाला दोन खेपा माराव्या लागतील, हे आधीच सांगून ठेवते.

अर्जात एक मागणी पहिल्याच दिवशी करायची, ती म्हणजे चौकशी होईपर्यंत सुपरवायझरला त्या शेडवरून आणि चाळीवरून हलवा. अंतरिम दिलासा म्हणून समिती अशी शिफारस करू शकते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते. बहुतेक ठिकाणी उलट होतं. तक्रार करणारीलाच दुसऱ्या शेडला, नाहीतर गावी पाठवतात आणि त्याला तिची काळजी म्हणतात. त्याला हलवा, तिला नको, हे ठामपणे लिहा.

रात्रीच्या पाळीबद्दल थोडं बोलते, कारण या धंद्याची मूळ गोची तिथे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला मनाई केली होती, पण त्याच कलमात मासळी सुकवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांना सूट द्यायची वाट ठेवली होती, कारण माल नासतो. बोट रात्री लागली की कोळंबी रात्रीच सोलली गेली पाहिजे. म्हणजे इतर कारखान्यांत बायकांच्या रात्रपाळीची चर्चासुद्धा नव्हती त्या काळापासून मासळीतल्या बायका रात्री उभ्या आहेत, बर्फाच्या पाण्यात हात घालून. मासळी थांबत नाही हे खरं. पण पाळी रात्री दोनला सुटली तर चाळीपर्यंत कोण सोडणार, कुठल्या गाडीतून, गाडीत दुसरी बाई आहे का, हे ठरवणं मालकाचं काम आहे, आणि बर्फाचा हिशेब ठेवणाऱ्या मालकाला ते जमू शकतं. तुमच्या प्रकरणात सुपरवायझर कोणत्या वेळी येतो ते पाहा. पाळी सुटायच्या वेळेशी जुळत असेल तर वाहतुकीची मागणीही त्याच अर्जात घाला.

अजून एक वेळ धोक्याची असते ती १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. माल कमी, काम कमी. कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं हे सुपरवायझर ठरवतो. माझ्याकडच्या किती तरी तक्रारी मे अखेरीच्या आहेत. तुमचा प्रश्नही त्या सुमाराचा असेल तर वेळ काढू नका.

पोलिसांकडे जायचं तिने ठरवलं, तर बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांत तिचा जबाब महिला पोलिसाने नोंदवायचा असतो, आणि नोंद न करणाऱ्या पोलिसावरही कारवाई होऊ शकते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झिरो एफआयआर कायद्यातच आली आहे, म्हणजे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. तिला हे आवर्जून सांगा. गाडीत बसवून दिलं म्हणजे प्रकरण संपलं या समजुतीवरच ठेकेदारांचं चालतं. ती ओडिशात आपल्या गावच्या ठाण्यातूनही तक्रार करू शकते. वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट बायकांना नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा नंबर. गुन्हा बलात्काराचा असेल तर राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेची आर्थिक मदतही त्याच प्राधिकरणामार्फत मागायची असते. पोलिसांच्या कार्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष असतो, तिथली समाजकार्यकर्ती ठाण्यात तिच्या बाजूला बसू शकते. एकट्या मुलीला ठाण्यात पाठवू नका.

काय करू नये तेही सांगते. सुपरवायझरला जाब विचारायला घरच्या पुरुषांना पाठवू नका. गावकीच्या बैठकीत हा विषय नेऊ नका. गावातल्या कोणाचा टेंपो कारखान्याला लागलेला असतो, कोणाचं पाणी, कोणाची चाळ. बैठक पैशांवर मिटते आणि मुलगी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर असते. समितीसमोरसुद्धा समेट फक्त तिच्या मागणीवरून होतो आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही नको. बलात्कारातल्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि 'ओडिशाची, दुकानात येते ती' एवढं लिहिलं तरी गावात ओळख उघड होते.

तुम्ही स्वतःही एकट्या पडू नका. आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटातली एखादी खंबीर बाई, अशा दोघींना विश्वासात घ्या. आशा ताई चाळीत ताप-खोकल्याच्या निमित्ताने जाऊ शकते, तुम्ही गेलात तर चर्चा होईल. घरच्यांचा विरोध राहील. त्यांना सांगा, दुकानात आलेल्या पोरीला रडताना पाहून मला झोप लागत नाही. मला हेच उत्तर वीस वर्षं पुरलं आहे.

आता तुमच्या बागेविषयी. इथे तुम्ही मालकीण आहात, म्हणून हे अधिक मोकळेपणाने लिहिते. आंब्याची राखण करणारी नेपाळी कुटुंबं दिवाळीच्या आसपास येतात आणि पावसाच्या तोंडाला जातात. मांगर, म्हणजे बागेतलं राहायचं खोपटं, वाडीपासून लांब, रस्ता नाही, बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही. वानरं हाकणं, फवारणीचं पाणी ओढणं, पेट्या भरणं हे सगळं बाई करते, पण मजुरी ठरते जोडीची आणि हातात जाते नवऱ्याच्या. बाईला तिची किंमतच कळत नाही. दारू आणि मार यांची प्रकरणं मी या मांगरांतून जितकी पाहिली, तितकी चाळींतून नाहीत, आणि त्यातली बहुतेक जूनमध्ये कळली, ती माणसं जायला निघाली तेव्हा. बाहेरचा माणूस तिला आठ महिने भेटतच नाही. कधी आंबे उतरवायला आलेल्या गड्यांपैकी कोणी त्रास देतो, कधी खुद्द मालकाच्या घरातला. तो विचारही मनात येऊ द्या.

तुम्ही करू शकता ते असं. मजुरी दोघांची वेगळी ठरवा आणि तिची तिच्या हातात द्या. मांगराला आतून कडी, बाहेर सोलरचा दिवा. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः जा, पुरुष माणूस नको, आणि तिच्याशी थोडा वेळ एकटीने बोला, भाजी निवडता निवडता. घरातला कोणी पुरुष रात्री बागेत जाणार नाही हे घरात स्पष्ट सांगा. मारहाण नवऱ्याची असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि संरक्षण अधिकारी आहेत. त्रास दुसऱ्या कोणाचा असेल तर वर सांगितलेली स्थानिक समिती, कारण बागेत दहा माणसं नसतात. ती नेपाळची आहे, तिच्याकडे आधार नाही, म्हणून तिला हे कायदे लागू नाहीत असं कोणी सांगेल. दवाखाना, पोलीस, १८१ यातल्या कशालाही भारतीय असण्याची अट नाही.

तर मुलीच्या बाबतीत पुढच्या दोन-तीन दिवसांत तुमच्या हातात एवढं आहे: वय आणि शेवटची घटना कधीची ते कळून घेणं, झोपायची सोय आणि कडी, आधारची दुसरी प्रत, हिशेबाची वही, आणि तिने होकार दिला तर समितीचा अर्ज. ती नाहीच म्हणाली तर दार उघडं ठेवा, दर रिचार्जला दोन शब्द बोला. एका मुलीने मला पाच महिन्यांनी होकार दिला होता, तोवर आम्ही फक्त भाजीच्या भावावर बोलत होतो. त्या काळात तिने आणखी दोघींना तयार केलं होतं, हे मला नंतर कळलं.

या दोन गोष्टी कळल्या की मला लिहा, एक वय आणि दुसरं तक्रार सुपरवायझरवर आहे की ठेकेदारावरही. तिचं नाव, गावाचं नाव, कारखान्याचं नाव लिहू नका. अर्जाचा मसुदा मी इथेच घालून देईन, म्हणजे तो तुम्हाला हाताने उतरवून घेता येईल.